समोरच्या न्हाव्याची दाढी

३ फेब्रुवारी

ती. दादास,
साष्टांग नमस्कार. वि. वि.

वहिनीच्या रक्ताचा रिपोर्ट चांगला आल्याचं वाचलं आणि शाळेच्या स्टाफरूममध्येच रडू फुटलं. तुझ्याही रक्तात एचआयव्ही आता मोजण्याइतकाही सापडत नाही, हे डॉक्टरीणबाईंचं म्हणणं दोनदा वाचलं. देव त्यांचं भलं करो. गोळी मात्र रोज घे; बरं वाटतंय म्हणून शहाणपणा करू नकोस.

पण दुकानाचं काय? औषधाच्या रांगेत तुला कुणीतरी पाहिलं काय आणि दोन्ही खुर्च्या रिकाम्या पडल्या काय! प्रत्येकासाठी नवं पातं काढतोस, वापरलेलं त्याच्या देखत मोडून टाकतोस, हे इतक्या वर्षांत कुणाला दिसलंच नाही?

आमच्या गल्लीत एक गाळा रिकामा आहे. मालकाला थांबवून ठेवलंय. इथे तुला कुणी ओळखत नाही. तिथलं बंद कर आणि ये. हे तुझ्या काळजीपोटी लिहितेय की लोकांच्या तोंडाला मीच भ्यालेय, ते नक्की सांगता येत नाही. तरी ये.

उत्तर धाड, आणि माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी माई

१९ फेब्रुवारी

चि. माईस,
अनेक आशीर्वाद.

तुला होच कळवणार होतो. दुकानाला लावायला नवं कुलूपही आणलं होतं. तर रविवारी, ऐन गर्दीच्या वेळी, मी चकोट म्हणतो तो समोरचा न्हावी रस्ता ओलांडून आला. धंद्यातला माझा वैरी तो. माझ्या रेडिओच्या आवाजावरून आमचं बोलणं कधीचंच बंद. त्याच्या बाकावर माझीच गिऱ्हाइकं दाटीवाटीनं बसलेली. एकाच्या गालाला फेस लावून त्याला तसाच टाकून हा आला, दाराजवळच्या खुर्चीत, सगळ्या रस्त्याला दिसेल असा बसला आणि दाढी कर म्हणाला.

मला काय झालंय ते ठाऊक आहे का, असं मी विचारलं. सगळ्या रस्त्याला ठाऊक आहे, तुझ्या रेडिओनं मी अर्धाच बहिरा झालोय, म्हणाला. माझा हात थरथरत होता. ते बघून म्हणतो, आजारात हातही गेला वाटतं, आता तुझ्याशी चढाओढ करण्यात काय राम! असा राग आला म्हणून सांगू. हात जागच्या जागी स्थिर झाला.

दाढी झाल्यावर गालावरून हात फिरवला आणि कानाखाली कच्ची राहिली म्हणाला. राहिली नव्हती. मग हळूच विचारलं, तपासणी कुठे करतात. इतकी वर्षं पाती हाताळतोय, बोटं कापून घेतोय, कधी बघितलेलंच नाही. मंगळवारी दोघांनी दुकानं बंद ठेवली आणि बरोबर गेलो. त्याला काही नाही. सुटल्यासारखं मलाच वाटलं.

त्याच रविवारी बाकावरचे दोघं इकडे आले. सगळे आले नाहीत, पण आले ते पुरेत. गाळ्याचं राहू दे, माई. वहिनी तुझी आठवण काढते. सुटीत ये.
तुझा दादा

२ मार्च

सा. न. वि. वि.

तुम्ही मला ओळखत नाही. तुमच्या समोरच्या दुकानातल्या न्हाव्याची मी धाकटी बहीण. तुमचं खरं नाव दादानं कधी कळवलं नाही आणि तो वापरतो ते लिहिण्याची सोय नाही, म्हणून वर जागा कोरी सोडली. राग मानू नये.

मी शिकलेली, त्याच्यावर जीव असलेली, आणि त्याला पळून ये म्हणत होते. तुम्ही सगळ्यांदेखत त्याच्या हाताखाली मान ताणून बसलात. आभार मानायला बसले तर शब्द तोकडे वाटतात, म्हणून काय केलं तेवढं सांगते. गाळ्याच्या मालकाला नको म्हणून कळवायला गेले. भाऊ का येत नाही, असं त्यानं विचारलं. आजवर सगळ्यांना तब्येत नाजूक एवढंच सांगत आले. या वेळी आजाराचं नाव घेतलं आणि पुढे तुमची गोष्टही सांगितली. तो उठून माठापाशी गेला. मग पाणी हवं का म्हणाला. मी प्यायले.

दादावर असाच राग असू द्यावा, ही विनंती.
आपली नम्र,
माई