सुंदररावांचा वाकडा हात

सावरखेडी,
२ ऑगस्ट २०२५

ती. अक्कास,
वनमालाचा साष्टांग नमस्कार.

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरली असशील. घाबरू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोनवर तुला माझं बोलणं निम्मंच ऐकू येतं आणि स्पीकरमुळे ते तुमच्या अख्ख्या घराला ऐकू जातं, म्हणून पत्र. गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करतेस, की लेकाला, अमरसिंहाला, नुसती हो हो म्हणतेस?

माझी खबर म्हणजे इतिहास मंडळाची खबर. निवृत्तीनंतर मी हे मंडळ काढलं तेव्हा तू हसली होतीस, शाळा सुटली तरी हिची घंटा काही थांबत नाही म्हणून. आता येऊन बघ. गेल्या महिन्यात मारुतीच्या सभामंडपात आम्ही ‘घरातली जुनी वस्तू घेऊन या’ असा कार्यक्रम ठेवला. दहा-पंधरा माणसं येतील असं धरलं होतं, तर बसायला जागा पुरली नाही. मंडळातल्या मंगलनं सासूची पानसुपारीची चंची आणली. धनगरवस्तीवरून मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा आल्या, जुन्या घोंगड्या आल्या. कुणी निजामाच्या वेळची हाली नाणी आणली आणि ती हातोहात फिरताना अख्खा मंडप श्वास रोखून बसला, परत येतात की नाही म्हणून. आली परत, सगळी.

आधी जमलेला आणि हा, सगळा पसारा सध्या भागवतच्या खताच्या दुकानामागे आहे. भागवत म्हणजे आमचा चिटणीस, माझाच जुना विद्यार्थी. परवा एक गिऱ्हाईक युरियाला आलं आणि आमच्या तांब्याच्या घंगाळापाशी अडून बसलं, हेच पाहिजे म्हणून. भागवत म्हणतो, “बाई, मी खत विकतो का भांडी, हे मलाच कळंना झालंय.”

पण आता ती अडचण सुटेल. तुमचं सरकीचं जुनं गोदाम आपला अमरसिंह मंडळाला वापरायला देतो म्हणालाय. तुम्ही तेलगावला गेल्यापासून ते पडूनच होतं. पत्रे बदलून झालेत, आतून चुना लावलाय. सतरा सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनालाच उद्घाटन. दारावर एक फलक लावायचा आहे, गावातल्या लढ्यातल्या माणसांच्या नावांचा. त्याचं जरा बोलणं चाललंय. होईल.

तुला एक विचारायचं होतं, पण ते भेटीतच बरं.

तुझी,
वनमाला


सावरखेडी,
२० ऑगस्ट २०२५

ती. अक्कास सा. न.

परवा फोनवर तू विचारलंस, गोदामाचं कुठवर आलं, आणि मी ‘छान चाललंय’ म्हणाले. छान चाललेलं नाही. गोदामाला कुलूप आहे. ते अमरसिंहानं लावलं, आणि त्याला तसं करायला मी भाग पाडलं. हे त्याच्याकडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं.

जुलैच्या शेवटालाच तो गाडी घेऊन आला होता. फलकाचा नमुना त्यानं मोबाईलवर तयारच आणला होता. सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत तुझ्या सासऱ्यांचं नाव: स्वातंत्र्यसैनिक सुंदरराव. म्हणाला, “मावशी, निजामाचा करोडगिरीचा, जकातीचा नाका जाळताना आजोबांचा हात मोडला, हे सगळ्या तालुक्याला माहीत हाय. बाकीची नावं खाली कशीबी घ्या.” मी बरं म्हणाले. मलाही तेच माहीत होतं. अमरसिंहाच्या निवडणुकीच्या पत्रकांत दर वेळी छापून येतं, आणि सुंदररावआबांचा कोपरात वाकलेला हात तर मी तुझ्या लग्नात माझ्या डोळ्यांनी पाहिलाय.

पण मंडळाचा नियम आहे, सांगणारं माणूस भेटल्याशिवाय काही लिहायचं नाही. म्हणून मी आणि भागवत धोंडीरामबाबांकडे गेलो. नाका जळला त्या वर्षी ते पोरसवदा होते, मेंढरं राखायचे. आता नव्वदीला आलेत, पण बोलणं अजून स्पष्ट. म्हणाले, “नाका जळला तवा मी माळावर व्हतो बाई. धूर मी बघितला. चौघं गेलते. आमचा थोरला म्हाळू त्यातला एक. सुंदरराव न्हवते.”

मी विचारलं, मग त्यांचा हात?

त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाले, “ते येगळं हाय. भित्रा माणूस न्हवता तो, एवढं लिहून घ्या. बाकीचं तुमच्या अक्काला इचारा. तिच्या सासूनं, तुळजाबाईनं, कुणाला सांगितलं असंल तर तिलाच.”

आणखी दोघा म्हाताऱ्यांना वेगवेगळं गाठून विचारलं. तेच चौघं, तीच नावं. म्हाळू धनगराचं नाव आजवर कुठंच लागलेलं नाही, अक्का. त्याच्या घरच्यांनी कधी मागितलंही नाही.

मग मंडळाची बैठक झाली. भागवत म्हणाला, “बाई, मेलेल्या माणसाचं एक नाव जास्तीचं लागलं तर कुणाचं काय जातंय? आपल्याला छप्पर मिळतंय.” त्याचं चुकीचं होतं असं नाही, दोन वर्षं त्याच्या दुकानात आमचा पसारा आहे. मंगल मात्र म्हणाली, मी माझ्या पोरांना तिथं घेऊन जाणार, आणि ती जे वाचतील ते खरं समजणार. बाकीचे सगळे माझ्याकडे बघत होते, कारण भाचा माझा.

मी अमरसिंहाला बोलावून सांगितलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. नुसता म्हणाला, “मावशी, तुम्ही परक्या असत्या तर मला एवढं वाईट वाटलं नसतं.” दुसऱ्या दिवशी कुलूप लागलं. भागवतला आणखी अडवायला नको म्हणून वस्तू आम्ही गाड्यावर घालून मारुतीच्या देवळात आणून ठेवल्या.

आता जे भेटीत विचारणार होते ते इथंच विचारते. आबांचा हात कशानं मोडला? सांगता येत नसेल तर सांगू नकोस, मी पुन्हा विचारणार नाही. सासरची गोष्ट आहे आणि तू त्या घरात पन्नास वर्षं काढलीस, तुझं मन मला कळतं. पण आई गेल्यापासून मला माहेर म्हणून तुझंच घर आहे. गौरीला मी दरवर्षी तेलगावला येते. यंदा येऊ का, एवढं तरी कळव. मला रात्रंदिवस तेच लागून राहिलंय. गोदाम काय, दुसरं मिळेल.

तुझीच,
वनमाला


तेलगाव,
६ सप्टेंबर २०२५

चि. वनमालास,
अनेक आशीर्वाद.

गौरी येऊन गेल्या, तू आली न्हाईस. तुला उत्तर पोचलंच न्हाई, तर येशील कशी. चूक माझी. पण मी रागावले न्हवते. तुझ्याच घरी येण्याला तू परवानगी मागतेस, याचाच राग आला असंल तर थोडा आला. तुला माझ्या दाराला इचारून यायची गरज न्हाई, ना आज, ना माझ्यामागं. हे अमरसिंहालाबी सांगितलंय.

उशीर कावून झाला ते सांगते.

मामंजींचा हात नाक्यावर मोडला न्हाई. सासूबाईंनी मला हे सगळं माझी धाकटी लेक दोन वर्षांची असताना सांगितलं, आम्ही दोघी गहू निवडत बसलेलो. पोलीस ॲक्शन झाली, निजाम शरण आला, गावात गूळ वाटला. पुढं काही दिसांनी बाहेरची माणसं गावात आली, काठ्या-कुऱ्हाडी घेऊन. रझाकारांचा सूड घ्यायचा म्हणत व्हती. रझाकार तर कवाच पळालेले. मागं राहिले मौलाभाई रंगाऱ्यासारखे. ज्यानं जन्मभर गावाची लुगडी रंगवली, त्याच्यावर कसला सूड?

मामंजी भर दुपारी त्यांच्या घरी गेले आणि मौलाभाई, त्यांची बायको आणि लहानी चाँदबी, तिघांना आपल्या घरात घेऊन आले. मौलाभाईंना माळवदावरच्या कडब्यात बसवलं. सासूबाईंनी त्यांच्या बायकोला जात्यावर बसवलं, डोक्यावरून पदर ओढून. पोरगी स्वतःच्या मांडीवर घेतली. माणसं दारात आली तवा मामंजी उंबऱ्यात उभे व्हते. घरात कोण हाय, इचारलं. माझी माणसं हायत, म्हणले. पुन्हा इचारलं, पुन्हा तेच म्हणले. मग काठी बसली. सासूबाई सांगायच्या, हाडाचा आवाज आत जात्यापाशी ऐकू आला, पण ते हलले न्हाईत आणि जातं बी थांबलं न्हाई.

मारणारा सोयऱ्यातला व्हता, वनमाला. पुढं त्याच घरात ह्या घरची लेक दिली. म्हणून सासूबाईंनी मला शपथ घातली, ती माणसं हायत तवर बोलू नको. मामंजींना कुणी हाताचं इचारलं तर म्हणायचे, त्या गडबडीत मोडला. लोकांनी पुढचं आपल्या मनानं जोडलं. ते गेल्यावर पत्रकात छापून आलं. आता मारणारा बी न्हाई, ती लेक बी न्हाई. कुणाचं भांडं फुटायचं राहिलं न्हाई.

तुझं पत्र आलं तवा दोन दिस मी तेच मनात घोळवलं. मग अमरसिंह जेवायला बसला तवा त्याला सगळं सांगितलं. त्यानं ताट सरकवलं. म्हणला, “आई, हे बाहेर काढू नको. निवडणूक तोंडावर हाय. लोक ह्याचा काय अर्थ काढतील?” मी म्हणले, तुझ्या आजानं इचारलं न्हाई ते. चार दिस आमचं बोलणं बंद. घरात सुनेलाबी कळंना, झालंय काय.

पाचव्या दिशी त्यानंच इचारलं, “ती चाँदबी जित्ती हाय का?”

जित्ती हाय. बीडला लेकीजवळ ऱ्हाती. मामंजी असेपर्यंत तिच्याकडून ईदला डबा यायचा, म्हणून मला घर ठावं. गाडीनं गेलो. मी नाव सांगितलं तर म्हातारी पलंगावरून उठायला लागली. अमरसिंह तिच्याजवळ बसला. तिनं त्याचा उजवा हात धरला, मनगटापासून कोपरापर्यंत चाचपला, आणि म्हणली, “तेरे दादा का हाथ ऐसा सीधा नई था बेटा. मेरे वास्ते टेढा हुआ.”

त्यानं चहा घेतला, तिच्या पाया पडला. बाहेर येऊन गाडीत बसला, पण गाडी चालू करंना. मी बी घाई केली न्हाई. अर्धी वाट सरली. मग म्हणला, “आई, एवढं असताना आपण ते नाक्याचं कावून सांगत बसलो?”

आता त्याचा निरोप लिहिते. तो तुला फोन करायला लाजतोय. दारावरच्या फलकावर चौघांचीच नावं, आणि म्हाळूचं नाव नीट, आडनावासकट. मामंजींचं आत लिहायचं, मी सांगितलं तसं. मारणाऱ्याचं नाव मात्र नको, हे माझं म्हणणं. मंडळाच्या नियमात बसत नसंल तर समोर बसून भांडू. फोटो तेवढा मोठा लावा म्हणतोय, तेवढं ऐक त्याचं. मतांचं काय व्हायचं ते होईल, म्हणला, पण हे म्हणताना तोंड उतरलं व्हतं, खोटं कशाला सांगू.

परवा त्याचा माणूस गोदाम उघडून झाडून घेईल. भागवतला म्हण, देवळातल्या वस्तू आण आता.

सतराला चाँदबी येणार हाय. तिला पाठ टेकता येईल अशी खुर्ची ठेव, आणि धोंडीरामबाबांना तिच्या शेजारी बसव. अमरसिंह भाषण करणार न्हाई. मी करणार. माईकवर मी जन्मात बोलले न्हाई. तू समोरच बस, मंचावर नको. अडले तर तुझ्याकडं बघीन.

आदल्या दिशी मुक्कामाला येते. गुडघ्याचं म्हणशील तर पायरी चढता येती.

तुझी अक्का,
अंजना, सुंदररावांची सून