आकडा सांभाळणारीला दुकान

मी, खाली सही करणार आहे ती, वय सत्तरीच्या पुढे, धंदा जळलेल्या मोटरींचे वाइंडिंग, आज रोजी पूर्ण शुद्धीवर, पोटभर जेवून आणि कोणाच्याही धाकदपटशाला न जुमानता लिहून ठेवते की, माझ्या पश्चात माझ्या मालमत्तेची व्यवस्था पुढे लिहिल्याप्रमाणे व्हावी. यापूर्वी रागाच्या भरात मी ज्याला जे जे तोंडाने देऊन टाकले असेल, ते सर्व रद्द समजावे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. तो मुलाने मागितला होता. घे म्हणावं.

मालमत्ता म्हणजे राहते घर, बँकेतली शिल्लक आणि कोपऱ्यावरचे दुकान. घराबद्दल वाद नाही, वाद आहे तो दुकानाचा. मी डोळे मिटले की मुलगा ते मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला देणार, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. तो माणूस तर मी समोर जिवंत बसलेली असताना टेप लावून भिंत मोजून गेला. दुकान कोणाकडे जाणार, एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे.

कलम एक. राहते घर मुलगा व सून यांना समान हक्काने मिळावे. मुलगा वाईट नाही. नोकरी इमाने करतो, आईवर जीव आहे. फक्त जुनं दिसलं की त्याला भंगारवाला आठवतो.

कलम दोन. बँकेतल्या शिलकीतून आधी दवाखान्याचे भागवावे. उरेल त्यातून मुलाने न्हाणीघरातला नळ बदलावा आणि मग राहील ते घ्यावे. नळ आधी, पैसे मागून. "उद्या करतो आई" हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. एवढंसं काम, पण ते डोक्यात रात्रंदिवस ठिबकत राहतं. पाना घेऊन बसला असता तर चहा गार व्हायच्या आत झालं असतं.

कलम तीन. दुकानातले उंच स्टूल माझ्या दिरांना द्यावे. त्यांनी ते स्वतःच्या घरी न्यावे व तिथेच बसावे.

याला कारण आहे. जळलेल्या मोटरीतली जुनी तार काढायची, साच्यावर नवी तांब्याची तार गुंडाळायची आणि एकेक वेढा मोजायचा, हे माझं काम. वेढे कमी पडले तर मोटर तापते आणि पुन्हा जळते. जास्त झाले तर तार खाचेत मावत नाही. मोजताना चुकलं की सगळं उलगडा आणि पुन्हा एकपासून. या धंद्यात अक्कल लागते ती बेताची, बूड टेकून बसणं लागतं ते फार. आणि भाऊजी नेमके मी शंभरी गाठली की दारात हजर. "वहिनी, काय चाललंय?" बस, आकडा गेला. माणूस प्रेमळ आहे, गप्पांना बसला तर हसवून मुरकुंडी वळवील. पण त्यांच्या प्रेमापायी मी जेवढी तार उलगडली, तेवढ्यात अख्ख्या गल्लीचं वायरिंग झालं असतं. तरी राग नाही. स्टूल चांगल्या लाकडाचं आहे.

कलम चार. यजमानांचे मनगटी घड्याळ मुलाला द्यावे. ते चालू आहे.

यजमानांचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकते. आमच्या घरात एक रीत होती. मोजता मोजता मला उठावं लागलं, गिऱ्हाईक आलं, पोर पडलं, तर तार आणि आकडा दोन्ही मी त्यांच्या हवाली करायची. लिहून ठेवायला हात मोकळा नसतो, तार सैल पडली की उसळून सगळा गुंता होतो. मी परत येईपर्यंत ते तार ताणून धरायचे आणि तोच आकडा पुटपुटत बसायचे. मध्ये कोणी काहीही विचारो, उत्तर तेच. एकदा विमेवाला आला. त्याने वय विचारलं. हे म्हणाले, "एकशे बारा." तो पुन्हा आमच्या दारी फिरकला नाही. लोकांच्या बायकांना नवऱ्यांनी दागिने केले. माझ्या नवऱ्याने माझा आकडा कधी सांडला नाही. ते गेले आणि आकडा धरायला कोणी उरलं नाही. त्या माणसाची आठवण मला अजून दर मोटरीला येते.

कलम पाच. आता दुकान.

माझ्या सुनेला घरात सगळे अर्धीमुर्धी म्हणतात. नाव मीच ठेवलं, आणि मागे घेणार नाही. ती एका हाताने झाडू मारते, मध्येच खिडकीची काच पुसायला घेते, काच पुसताना कपाट आवरायला काढते, आणि संध्याकाळी झाडू खिडकीत, फडकं कपाटात. अर्धे प्यालेले चहाचे कप मला फ्रिजवर, जिन्यावर आणि एकदा चपलांच्या फळीवर सापडले आहेत. तिला दुकान द्यायचं माझ्या स्वप्नातही नव्हतं.

मागच्या महिन्यात पाववाल्याच्या पीठ मळायच्या यंत्राची मोटर आली. बेकरी बंद पडलेली, बिचारा तासातासाला डोकावत होता. मी शेवटची कॉइल घेऊन बसले आणि मोजता मोजता डोळ्यांपुढे अंधारी आली. शेजारी सून चहा घेऊन उभी. मी तार तिच्या हातात कोंबली, आकडा सांगितला आणि कलंडले. हृदयाचे ठोके मंदावले होते म्हणे. छातीत यंत्र बसवलं. म्हणजे आता माझ्यातही वायरिंग आहे.

दवाखान्यात पडल्या पडल्या मरणाचं भय नव्हतं वाटलं. वाटत होतं ते हे, की आयुष्यभर एक मोटर अर्धी सोडली नाही आणि जाताना पाववाल्याची सोडून चालले. नीट शुद्ध आली तेव्हा सून उशाशी होती. मी एवढंच विचारलं, "आकडा?"

"एकशे अठ्ठेचाळीस," ती म्हणाली. मग म्हणाली, "आई, बरं वाटतंय का?" आणि भडाभडा रडली. मीही रडले. छातीवर टाके होते तरी रडले.

नंतर मुलाने सांगितलं ते ऐका. हिने तार टेबलाच्या पायाला घट्ट बांधली, मला गाडीत घातलं, आणि दवाखान्यात तिच्यावर आकड्यांचा नुसता भडिमार. खाटेचा नंबर, औषधांच्या वेळा, सगळ्यांचे फोन. ही सगळं करत होती आणि मध्येमध्ये ओठ हलवत होती. मुलगा धावत आला, "आईला कुठे ठेवलंय?" ही म्हणाली, "एकशे अठ्ठेचाळीस." तो त्या नंबरची खोली शोधत तीन मजले हिंडला.

मी तिला म्हटलं, "अगं बये, तार बांधल्यावर लिहून ठेवायचा होतास ना!"

"कागद मी हरवते, आई. आणि पेन शोधायला गेले असते तर वाटेत दुसरंच काम काढून बसले असते. म्हणून म्हणतच राहिले."

स्वतःची खोड जिला इतकी नेमकी कळली, तिला शिकवायला फार उरलं नाही. घरी आल्यावर दुकानात मी खुर्चीत बसले आणि उरलेले वेढे तिने घातले. भाऊजी आलेच. "काय सूनबाई, काय चाललंय?" तिने मान वर न करता चालू आकडा ठणकावला. भाऊजी आल्या पावली परत गेले. मोटर फिरली. पाववाला ती उचलून तडक बेकरीकडे निघाला. मला मात्र छातीवरची शिळा उतरल्यासारखं झालं.

मुलगा म्हणाला, "आई, तिला दुकान? ती गॅस बंद करायला विसरते."

"मग गॅस तू बंद कर," मी म्हटलं. "तुला दोन्ही हात आहेत."

तो हसला. त्या कव्हरवाल्याला त्याने स्वतःच फोन करून नाही म्हणून सांगितलं. तेव्हा मुलावरचा रागही येथे संपला असे समजावे.

तर दुकान, हत्यारे, तारेची रिळे व गल्लीतली पत यांवर सुनेचा संपूर्ण व निर्वेध हक्क राहील, असे या कलमात लिहिणार होते. वाक्य वकीलबाईंनी फार सुरेख घडवलं होतं. पण काल संध्याकाळी मी किल्लीच तिच्या हातात देऊन आले. वकीलबाई म्हणाल्या, "मग इथे लिहून उपयोग नाही, वेगळं बक्षीसपत्र करावं लागेल." म्हटलं, करा. मेल्यावर दिलं तर तिच्या हाताखाली मोटर फिरताना मी बघू कुठून?

सबब कलम पाच खोडले आहे. खोडल्याजागी माझी सही आहे.

साक्षीदार:
१. पाववाला (सही)
२. डॉक्टरीणबाई (सही)
भाऊजींना साक्षीदार व्हायचे होते. परंतु त्यांना स्टूल मिळणार असल्याने कायद्याने चालत नाही. कायदा चांगला आहे.

ठिकाण: घर, खिडकीजवळची खुर्ची.
दिनांक: वकीलबाईंच्या शिक्क्याप्रमाणे. सकाळ. दुकान उघडले आहे, मी नाही उघडले.

(सही)
मोटरवाली काकू