तीनच किलोमीटर

२ ऑगस्ट २०२५, शनिवार
आजपासून सरकार मानायचं नाही. तीस वर्षं शाळेत हेच सांगत आलो, आता कृती. सरकार आपल्या मान्यतेवर चालतं. मान्यता काढली की कोसळणारच. बसनं मालेगावला जाऊन तहसीलमध्ये तसं निवेदन दिलं. शिक्का मारलेली पोच घेतली. पोच जपून ठेवणे.

५ ऑगस्ट, मंगळवार
पहिला टप्पा : बसवर बहिष्कार. सरकार गावात येतं ते बसनंच. सकाळपासून स्टॉपवर बसून एकेकाला परत पाठवलं. बहुतेक माझेच विद्यार्थी, त्यामुळे ऐकतात.
पहिलीच अडचण घरातून. बायकोला, कस्तुराबाईला शुगर, पायाला जखम, दर मंगळवारी वाशिमला ड्रेसिंग. म्हटलं, मेडशीच्या फाट्यापर्यंत चालत जा, तिथून जीप मिळते. तीनच किलोमीटर. तर म्हणते, "पायालेच तं जखम हाय जी."
मुद्दा तांत्रिक आहे.

२८ ऑगस्ट, गुरुवार
विजय! प्रवासी नाहीत म्हणून बस बंद. सरकारची माघार.
रामसिंग चिडून आला. त्याच्या पोरीचं कॉलेज बुडतंय. "सरकार कुठी गेलं गुर्जी? बसच गेली." माझ्याच हाताखाली शिकला, तरी पाया कच्चा.

१६ सप्टेंबर, मंगळवार
सलग तिसरं ड्रेसिंग चुकलं. बोटं काळी पडलीत. खोलीत वास येतो. उदबत्ती लावली.
कामरगावहून वैजयंतीचा फोन. लेक असून बापाचं तत्त्व कळत नाही. सरकारी अॅम्ब्युलन्स बोलवा म्हणाली. तिला भूमिका समजावत होतो, तिनं फोन ठेवला.
उद्या जीप सांगणे.

१७ सप्टेंबर
जीप राहिली. बहिष्कार समितीची मीटिंग होती. मी एकटाच हजर. कोरम धरला.

२३ सप्टेंबर, मंगळवार
वैजयंतीनं परस्पर अॅम्ब्युलन्स पाठवली. मी दारात आडवा उभा राहिलो. कस्तुराबाई स्ट्रेचरवरून म्हणाली, "सरका जी, मले जाऊ द्या."
सरकलो. पाच मिनिटांनी. हे समितीत सांगायचं नाही.

२५ सप्टेंबर
कस्तुराबाई गेली. विष रक्तात भिनलं होतं. डॉक्टर म्हणाले, उशीर केला. डॉक्टर सरकारी.

४ ऑक्टोबर, शनिवार
दहावा. फाट्याजवळ नदीवर. कावळा पिंडाला शिवेना. म्हटलं, कावळ्यांचाही बहिष्कार दिसतो. कोणी हसलं नाही.
वैजयंती म्हणाली, "बाबा, बस परत आणतो म्हना. मायले शब्द द्या." मी कावळे मानत नाही. तासभर पिंडाजवळच उभा राहिलो. शेवटी ती म्हणाली, "मंग सरका तरी."
सरकलो. लगेच शिवला.
परतताना कोणी गाडीवर घेतलं नाही. चालत आलो. दोनदा खाली बसावं लागलं. माझे पाय धड आहेत.

५ ऑक्टोबर
दुसरा टप्पा : वीज. निवेदन तयार. उद्या तहसीलला जाणे.
फाट्यापर्यंत कोणी सोडतं का, रामसिंगला विचारणे.