सदर सरकारी जमीन

शुक्रवार, १५ नोव्हेंबर १९६८

मुख्याध्यापक आज पुन्हा वर्गाच्या दारात उभे राहून गेले. मला काहीच म्हणाले नाहीत. म्हणाले ते नंतर, स्टाफरूममध्ये, कुंदाकडे बघत, मला ऐकू जाईल अशा बेताने — "अकरावीच्या पेपरात रेशनकार्ड येत नाही म्हणावं."

न येऊ दे. इतकी वर्षं नागरिकशास्त्र शिकवते आहे. मुलं सातही मूलभूत हक्क एका दमात म्हणून दाखवतात, आणि घरी आलेल्या नोटिशीवर सही कोणाची आहे ते त्यांना वाचता येत नाही! म्हणून शुक्रवारी पुस्तक बंद. प्रत्येकाने घरून सरकारचा एक खरा कागद आणायचा. कोणी लिहिला, कोणाला, कोणत्या अधिकाराने — एवढंच विचारायचं. आणि नियम एक. सांगताना मूळ कागदातले शब्द तसेच्या तसे उचलायचे. मनाचं घालायचं नाही.

आज लाइटचं बिल आलं, देवी टोचल्याचा दाखला आला, मतदाराची चिठ्ठी आली. पुढच्या बाकावरच्या उत्तराने वडिलांच्या सोसायटीच्या सभेची सूचना आणली. ती सरकारची नव्हे म्हटलं तर रुसून बसली.

कमळने कंपासपेटीतून घडी घातलेली नोटीस काढली. मागच्या बाकावर कोणीतरी नाक दाबलं. कमळ न वळताच म्हणाली, "सुक्या बोंबलाचा वास आहे. तुझी आई माझ्या आईकडूनच घेते." वर्ग हसला. मीही.

मग नोटीस वाचली, आणि हसू राहिलं नाही. त्यांच्या कोळीवाड्याला लागून खाडीकाठी जी मोकळी जागा आहे, जिथे सगळा वाडा मासळी वाळवतो, ती सरकारला नव्या वसाहतीसाठी हवी आहे. 'सदर सरकारी जमिनीवरील अनधिकृत कब्जा.' हरकत असेल तर महिन्याच्या आत लेखी द्यावी.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

हरकतीचा अर्ज वर्गात तयार झाला. सगळ्यांनी मिळून वाक्यं केली, कमळने लिहिली. तिचं अक्षर! बघत राहावं असं.

'आम्ही खाली सह्या करणार सदर सरकारी जमिनीवर तीन पिढ्या मासळी वाळवीत आलो आहोत.' नोटिशीतली भाषा उचलून नोटिशीलाच उत्तर. शाळा सुटल्यावर कमळला थांबवून एकेक कलम समजावून दिलं. फार दिवसांनी वाटलं की मी काहीतरी शिकवलं.

रविवार, २४ नोव्हेंबर

कोळीवाड्यात गेले. काठ्यांवर बोंबील ओळीने लटकत होते, खाली चटयांवर जवळा. अंगणात सगळे जमले, कमळने अर्ज मोठ्याने वाचला. एकदा अडखळली नाही. म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या, अंगठे दिले. अंजनाबाई — कमळची आई — पदराने डोळे पुसत म्हणाली, "माजी पोर सायबावानी वाचते, बाय."

जेवायला बसवलं. वाढता वाढता तिने सांगून टाकलं. जागा राहिली तर कमळ मॅट्रिकला बसेल. गेली, तर मासळी वाळवायची कुठे? मग ओली असतानाच दारोदार विकायची, आणि त्याला दोन पाट्या लागतात. एक तिची, एक कमळच्या डोक्यावर.

कमळ ताटात बघत होती. मी म्हटलं, काळजी करू नका. असं म्हणायला मी कोण!

शुक्रवार, ३ जानेवारी १९६९

सुनावणी झाली. साहेब सभ्य होते. मला खुर्ची दिली, अंजनाबाईला नाही. अर्ज वाचला, चष्मा काढला, अगदी हळू आवाजात म्हणाले —

"बाई, जमीन सरकारी आहे असं तुम्हीच लिहून दिलंय. मग हरकत कसली?"

कमळ माझ्याकडे बघत होती, मी उत्तर देईन म्हणून.

हरकत फेटाळल्याचा शेरा मारता मारता कारकून म्हणाला, बरं झालं, आमचं काम वाचवलंत. एरवी सरकारलाच सिद्ध करावं लागलं असतं की जमीन त्यांची आहे. तो टोमणा मारत नव्हता. खरंच आभार मानत होता.

शनिवार, ४ जानेवारी

शब्द मूळ कागदातले होते. तसेच्या तसे. माझाच नियम.

रविवार, ५ जानेवारी

नंदूदादाकडे गेले. वकील भाऊ असून आधी का नाही विचारलं — हे त्याने विचारलं नाही, वहिनीने विचारलं. काय सांगू? वर्गाचं काम वर्गानेच करावं असं वाटत होतं. इतकं कौतुक होतं मला माझ्या वर्गाचं.

दादा म्हणाला, एक वाट आहे. तो अर्ज मागे घेऊन वरच्या साहेबांकडे नवा करायचा. पण कबुली मागे घ्यायला कारण लागतं. कारण एकच चालेल. लिहिणारी मुलगी अजाण, तिला त्या शब्दांचा अर्थ समजला नव्हता, बाईंनी सांगितलं ते तिने उतरवलं आणि वाड्याने त्यावर अंगठे दिले.

मी म्हटलं, खोटं आहे हे. मी तिला ओळन् ओळ समजावली आहे.

"नीला, तुला जागा हवीय की खरं हवंय?"

दोन्ही हवंय म्हटलं. तो हसला. लहानपणी मी दोन फुगे मागायची तेव्हा हसायचा तसा.

मी स्वतः लिहून देते म्हटलं तर म्हणाला, तुझा काय संबंध? तू अर्जदार नाहीस. मुलीनेच द्यायला हवं.

गुरुवार, ९ जानेवारी

कमळला सांगितलं. तिने सरळ नाही म्हटलं.

"मला समजलं होतं, बाई. मी असं नाही लिहून देणार."

मला रडू आलं. अभिमानाने की लाजेने, कोणास ठाऊक. संध्याकाळी अंजनाबाई शाळेच्या फाटकाशी आली. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "आमची पोर तुमचं ऐकते. माजं नाय ऐकत. तुमीच सांगा तिला."

सोमवार, १३ जानेवारी

आज तिला शिकवलं. दुपारच्या सुट्टीत, रिकाम्या वर्गात. 'मला अर्थ समजला नव्हता' — हे वाक्य कसं म्हणायचं, साहेबांनी पुन्हा विचारलं तर काय सांगायचं, नजर कुठे ठेवायची. मीच साहेब झाले आणि प्रश्न विचारले. ती उत्तरं देत गेली, खिडकीकडे बघत.

इतकी वर्षं शिकवलं, पण असा तास कधी घेतला नव्हता. मन लावून घेतला.

जाताना तिने विचारलं, "तुम्हाला काही होणार नाही ना, बाई?" मी नाही म्हटलं. आज दोघींनी सराव केला खोट्याचा.

सोमवार, २० जानेवारी

वरच्या साहेबांपुढे कमळ बोलली. शिकवलं होतं तसंच, आणि त्याहून चांगलं. साहेबांनी विचारलं, अकरावीतल्या मुलीला एवढंही समजलं नाही? ती म्हणाली, "बाई इतक्या वेगाने सांगतात, साहेब. आणि त्यांना आमच्याकडचं काही माहीत नाही."

हे मी शिकवलं नव्हतं! मनात म्हटलं, हुशार आहे पोरगी.

बाहेर आल्यावर दादा पाठीवर थोपटत होता, झकास झालं म्हणत होता. जुना अर्ज रद्द. आता जमीन सरकारची आहे हे सरकारने सिद्ध करायचं. तोवर जागेला हात लावायचा नाही. दादा म्हणतो, दोन-तीन वर्षं सहज जातील.

अंजनाबाईने माझ्या हातात सुक्या बोंबलांची जुडी दिली. घेतली.

खऱ्या कागदाने जागा गेली होती. खोट्याने राहिली. हे कोणत्या प्रकरणात घालू? मुलांना काय तोंडाने सांगू की कागद वाचा?

शुक्रवार, २४ जानेवारी

निकालाची नक्कल कोणीतरी शाळेत पोचवली. मुख्याध्यापकांनी टेबलावर पुढे सरकवली. 'शिक्षिकेने केलेल्या दिशाभुलीमुळे.' संस्थेला सरकारचं अनुदान आहे, ते म्हणाले. नागरिकशास्त्र काढून घेतलं आहे. सोमवारपासून पाचवीचा भूगोल.

मी म्हणू शकले असते की ती दिशाभूल खोटी आहे, आम्ही बसवलेली आहे. म्हटलं असतं तर जागा परत गेली असती. गप्प बसले.

स्टाफरूममध्ये कुंदा म्हणाली, "सोड गं. भूगोलात नद्या तरी कोणी हलवत नाही." तिला वाटलं मी हसेन.

मला मनातून एकच आधार आहे. जगाने काहीही लिहो, त्या वर्गाला मी खरं शिकवलं होतं. कमळला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. हे कोणाच्या सहीने पुसलं जात नाही.

सोमवार, २७ जानेवारी

पाचवीचा तास संपवून बाहेर आले तर कमळ व्हरांड्यात उभी. तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हटलं, मनाला लावून घेऊ नकोस. खोटं बोलायला मीच लावलं तुला.

ती मान हलवून म्हणाली,

"खोटं नव्हतं, बाई. मला खरंच काही समजलं नव्हतं. समजलं होतं म्हटलं ते तुमच्यावर बालंट नको म्हणून. सरकारला लिहायचं म्हणजे असंच लिहितात, असं वाटलं."

मी विचारलं, मग त्या दिवशी का नाही सांगितलंस? इतकं समजावत होते मी.

"तुम्ही इतक्या खुशीत होता, बाई."