मध्यंतरानंतरच्या चित्रपटाबद्दल तक्रार

प्रति,
मा. कार्यक्रम अधिकारी,
नागरिक सभागृह, नारायण पेठ, पुणे.

विषय : चित्रपटाच्या उत्तरार्धामुळे पत्नी घर सोडून गेल्याबाबत.
संदर्भ : 'पुरुष आणि कुटुंबाची जबाबदारी' या विषयावर आपण गेल्या रविवारी फुकट दाखवलेला चित्रपट.

महोदय,

मी, निवृत्त हेडक्लार्क, अत्यंत नाराजीने कळवतो की, सदर चित्रपटास मी पत्नी सौ. उल्का हिच्यासह आलो होतो. पूर्वार्ध उत्तम होता. नायक वेळेवर पगार आणतो, घरात त्याचाच शब्द चालतो, जेवताना कोणी बडबडत नाही. मध्यंतरात मी पत्नीस म्हणालो, "बघ, याला म्हणतात पुरुष." चहाची वेळ झाल्याने मी घरी निघून आलो. आल्यावर लक्षात आले की, चहा करणारी व्यक्ती आपल्या सभागृहातच बसून आहे.

ती घरी आलीच नाही. परस्पर स्वारगेटहून बस धरून धायरीस मुलीकडे गेली. फोनवर एवढेच म्हणाली, "अहो, मध्यंतरानंतरचं बघा, मग बोलू."

मी दारू पीत नाही, कधी हात उगारलेला नाही, विजेचे बिल मुदतीआधी भरतो. आणखी जबाबदारी ती कोणती? फुकट दाखवता म्हणून लोकांच्या संसाराला काडी लावण्याचा परवाना आपणास कोणी दिला? घरात साखर कुठे असते हे मला ठाऊक नव्हते, असण्याचे कारणही नव्हते. ती काल मूगडाळीच्या डब्यामागे सापडली.

उत्तरार्धाची मी चौकशी केली. मध्यंतरानंतर लगेच नायकाची बायको घर सोडते, एवढ्यावर सर्वांचे एकमत आहे. पुढे नायकाने माफी मागितली, असे शेजारच्या दुर्गाबाई सांगतात. त्यांचे यजमान म्हणतात, माफीबिफी काही नाही, त्याने आजारी सासऱ्यांची सेवा केली. यावरून त्या दोघांचे भांडण जुंपले, तेही आपल्याच खाती जमा धरावे. बायको शेवटी परत आली का, हे मात्र एकालाही धड आठवत नाही. मला तेवढेच हवे आहे.

सबब, फक्त उत्तरार्ध पुन्हा दाखवण्यात यावा. पूर्वार्ध नको, तो मला पाठ आहे. माझ्या शेजारची खुर्ची राखून ठेवावी. धायरीस तसा निरोप धाडला आहे, उत्तर अद्याप नाही. आपल्याकडचा चहा पिण्यालायक नसतो, म्हणून थर्मासमधून मी करून आणीन. दोघांपुरता.

आपला, नाइलाजाने नम्र,
(सही)
बाळ विनायक लिमये
नारायण पेठ, पुणे
दिनांक : आजचाच, उशीर आपण करू नये.

सोबत : अर्धीच वापरलेली प्रवेशिका.