निपाणीच्या शिक्क्याचा बाळंतविडा

मल्लेश्वरम, बंगळूर
ता. ३ ऑक्टोबर १९५८

ती. सौ. रत्नावहिनींस,
अहल्येचा सा. न. वि. वि.

दादाच्या दुकानाच्या पत्त्यावर टाकलेलं कार्ड पोचलं असेलच. मुलगी झाली, २२ सप्टेंबरला. नाक उमाकांतांचं आहे आणि राग माझा. नवऱ्याचं नाव सरळ लिहिते म्हणून हसू नका. इथे मी त्यांना नावानं हाक मारते, तेव्हा आमची घरमालकीण नंजम्मा चक्क कानांवर हात ठेवते.

ते सकाळी सहाला कारखान्यात जातात ते दिवेलागणीला येतात. त्यांना आई नाही, आणि माझी असून नसल्यासारखी. बाळाला न्हाऊ नंजम्मा घालते. बाकी दिवसभर आम्ही दोघीच. हात रिकामे राहिले की डोळे भरून येतात, म्हणून काही ना काही करत बसते. परवा शेगडीवर पातेल्यात वाळू घालून, झाकणावर निखारे ठेवून नानकटाई भाजली. खालून कोळसा, वरून कच्ची. दुसरा घाणा बरा झाला. सगळा मीच खाल्ला, कारण खायला दुसरं होतं कोण?

आता खरं काम सांगते. नंजम्मा रोज विचारते, तवरुमनेहून काय आलं? तवरुमने म्हणजे माहेर. मी रजिस्टर लग्न केलं, आबांनी माझं नाव घरात काढायचं नाही असं बजावलंय, हे तिला कसं सांगू? परवा तोंडातून निघून गेलं की निपाणीहून बाळंतविडा निघालाय, कधीही येईल. तिनं लगेच चार घरी सांगितलं. सव्वा महिना झाल्यावर, २ नोव्हेंबरला, बारसं ठरलंय. त्या बायका आधी पाळण्याजवळ मांडलेले कपडेच बघणार.

म्हणून मीच शिवतेय सगळं. अंगडी, टोपडी, दुपटं, कुंची. यांची जुनी धोतरं आणि माझं एक मऊ पातळ फाडलं. शिवून झालं की तुम्हाला पाठवीन. तुम्ही फक्त नव्या कागदात बांधून परत माझ्या पत्त्यावर टाका. निपाणीचा शिक्का हवा, एवढंच. आईला कळू देऊ नका. माझं माहेर सध्या मीच चालवतेय, वहिनी.

आहे तो लोभ आटू देऊ नका, इथे दुसरा झरा नाही.

तुमची,
अहल्या


निपाणी
ता. ९ ऑक्टोबर १९५८

चि. सौ. अहल्येस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र यांनी खिशातून आणून दिलं. वाचून आधी हसले, मग माजघरात जाऊन रडले. वेडी आहेस. अगं, मीच नसतं का शिवलं? पण या घरात दोऱ्याचं रीळसुद्धा सासूबाईंच्या नजरेतून सुटत नाही, हे तुला मी सांगायला नको.

मुलगी झाल्याचं मी त्यांच्या कानावर घातलं होतं. तांदूळ निवडत होत्या, तशाच निवडत राहिल्या. त्या दिवशी आमटीत मीठ मात्र दोनदा पडलं. मामंजी मुकाट्यानं जेवून उठले.

पार्सल पाठव. कपाटात माझ्या साड्यांखाली ठेवीन आणि दोन दिवसांत परत टाकीन. आळीव खातेस ना? गार पाण्यात हात घालू नकोस. आणि नानकटाई एकटीनं खाऊ नकोस, त्या नंजम्मेला दे थोडी.

इथे लोभ आहे, फक्त तो कपाटात दडवून ठेवावा लागतो.

तुझी,
रत्नावहिनी


बंगळूर
ता. १४ ऑक्टोबर १९५८

ती. सौ. वहिनींस सा. न. वि. वि.

आज पार्सल टाकलं. चार अंगडी, दोन टोपडी, एक दुपटं, कुंची. कुंचीला लाल काठ लावलाय, तो तीनदा उसवला. मुलांसाठी डब्यात नानकटाई आहे. पोचेपर्यंत चुरा झाला तर चमच्यानं खायला सांगा.

इथे आठवडाभर पाऊस आहे. दुपटी वाळत नाहीत. शेगडीवर बुट्टी पालथी घालून त्यावर वाळवते, मग सगळ्या घराला धुराचा वास. नंजम्मेशी बोलते, पण माझं निपाणीकडचं कानडी ऐकून ती हसते आणि मी गप्प होते. हे येईपर्यंत मराठी शब्द कानावर पडत नाही, म्हणून बाळाशीच मोठ्यानं बोलत असते. काल तिला तुमच्या लग्नातली पंगत वर्णन करून सांगितली. ऐकत होती बिचारी.

एक काळजी आहे. तिच्या काखेत आणि मानेशी लाल रेघा उठल्यात. कपडे घालायला घेतलं की टाहो फोडते. दवाखान्यात पावडर दिली, गुण नाही. तुमच्या मुलांना असं कधी झालं होतं का?

लोभाबरोबर थोडं ऊनही पाठवा.

तुमची,
अहल्या


निपाणी
ता. २० ऑक्टोबर १९५८

चि. सौ. अहल्येस आशीर्वाद.

घाईत लिहितेय. कसं सांगू कळत नाही. शनिवारी पार्सल आलं, कपाटात ठेवलं. काल सासूबाईंनी कसर लागली का बघायला माझ्या साड्या बाहेर काढल्या आणि सगळं त्यांच्या हाती लागलं. हे कुणी शिवलं, विचारलं. मी म्हटलं, शिंप्याकडून मैत्रिणीसाठी आणलंय. त्यांनी एक अंगडं उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाल्या की शिंपी असलं शिवत नाही, हे टाके त्यांनीच लहानपणी कुणाला तरी शिकवले होते आणि ती नीट शिकली नाही.

मग कात्री घेऊन बसल्या. दुपारभर एकेक शिवण उसवत होत्या. कुंचीसुद्धा. मी दारात उभी होते, अडवायचं धैर्य झालं नाही. सगळे तुकडे त्यांनी आपल्या ट्रंकेत घालून कुलूप लावलं. माझ्याशी बोलत नाहीत. तू धीर धर. मला माफ कर, माझ्याच्यानं एवढंसुद्धा झालं नाही.

तुझी,
रत्नावहिनी


बंगळूर
ता. २४ ऑक्टोबर १९५८

ती. सौ. वहिनींस नमस्कार.

तुमची काही चूक नाही. मीच हावरट. मुलीला आजोळ नाही तर नाही म्हणायचं, ते सोडून शिक्का चोरायला निघाले. पण वहिनी, एवढा राग? माझ्यावर होता तो ठीक आहे. एवढ्याशा टोपड्यावर कशाला?

आज नंजम्मेला सगळं खरं सांगून टाकलं. लग्न, आबा, पार्सल, सगळं. ती बाळाला मांडीवर घेऊन तेल लावत बसली आणि जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून गेली. आता ती माहेरचं विचारत नाही. ते न विचारणंच जास्त लागतं.

बारशाला जुनं धोतर फाडून दोन अंगडी पुन्हा शिवीन. आज मात्र सुई हातात धरवत नाही. यांनी आल्यावर विचारलं काय झालं, तर पावसामुळे डोकं दुखतंय म्हटलं.

लोभाचं आज काही लिहीत नाही.

अहल्या


बंगळूर
ता. ३ नोव्हेंबर १९५८

ती. सौ. वहिनींस अहल्येचा सा. न. वि. वि.

शुक्रवारी पार्सल आलं! पत्ता तुमच्या अक्षरात, पण गाठी आईच्या. तिच्या गाठी दातांनीसुद्धा सुटत नाहीत, मला ठाऊक आहे. उघडलं तर माझेच कपडे, पुन्हा शिवलेले. बारीक, मुंगीएवढे टाके. आणि सगळ्या शिवणी बाहेरच्या बाजूला.

तेव्हा मला समजलं. मी तिच्या रोजच्या अंगड्यांनाही आपल्या पोलक्यासारखी शिवण आत ठेवली होती. तान्ह्या बाळाला ती बोचते, अंगड्याची शिवण बाहेर ठेवायची असते, हे मला सांगणार कोण होतं? आईचं अंगडं घातलं आणि पोर रडलीच नाही. तीन दिवसांत रेघा मावळल्या. मी मात्र अंगडं हातात घेऊन इतकी रडले की नंजम्मा धावत आली.

कुंचीला आतून आईच्या जुन्या लुगड्याचं अस्तर आहे. पार्सलात चिठ्ठी नव्हती. तिला लिहिता येत नाही हे मला माहीत आहे, तरी कागद दोनदा झटकून बघितला.

काल बारसं झालं. नाव रेवती ठेवलं. नंजम्मेनं एकेक कपडा उचलून बायकांना दाखवला आणि मान वर करून सांगितलं, तवरुमनेहून आलंय. यांनी सगळ्यांना पेढे दिले. नानकटाईचा घाणा उत्तम उतरला होता. सगळ्या गेल्यावर घर फार मोठं वाटलं.

एक बारीकशी गोष्ट. अंगडी चार पाठवली होती, तीनच आली. चौथं मी माप बघायला तिला दिवसभर घातलं होतं, त्यावर दुधाचा डागही होता. पाऊस होता म्हणून न धुताच घडी करून पार्सलात घातलं. तिकडे कुठे पडलं असेल तर फडक्याला वापरा.

लोभ निपाणीहून इथवर येतो, हे आता कळलं. येत राहू दे.

तुमची,
अहल्या


निपाणी
ता. ८ नोव्हेंबर १९५८

चि. सौ. अहल्येस आणि चि. रेवतीस अनेक उत्तम आशीर्वाद.

मामंजींसमोर अजून तुझं नाव निघत नाही. तू इतक्यात इकडे यायची आशा धरू नकोस, खोटं कशाला सांगू? पार्सल यांनीच टाकलं. सासूबाईंनी ते यांच्या हातात दिलं आणि पत्ता मला घालायला सांगितला, बाकी एक अक्षर नाही.

चौथं अंगडं हरवलेलं नाही. काल त्यांची लुगडी उन्हात घालायला ट्रंक उघडली, तर तळाशी सापडलं. डाग तसाच. उसवलेलंही नाही. मी धुवायला नेते म्हटलं, तर त्यांनी माझ्या हातून काढून घेतलं. म्हणाल्या, धुतलं तर वास जाईल.

ते परत ट्रंकेत ठेवून त्या मागे वळल्या तेव्हा मी हळूच उचलून नाकाशी धरून बघितलं. अहल्या, त्याला आता नुसत्या ट्रंकेचा वास येतो. तेव्हा मी लोभ बिभ काही मागत नाही. लेकीचं अंगावरून काढलेलं एखादं टोपडं पाठवून दे. धुऊ नकोस.

तुझी,
रत्नावहिनी