झिपरी म्हैस नाही

प्रति,
मा. अध्यक्ष,
श्वान आहार समिती,
कापूस गोदाम सुरक्षा मंडळ, यवतमाळ

विषय : राखणीच्या कुत्रीस घरची भाकर देण्याची परवानगी, अन्यथा अर्जदाराची बदली मिळणेबाबत.
संदर्भ : घरचे अन्न बंद करण्याचा आपला आदेश.

महोदय,

१. मी मारेगाव गोदामावर राखणदार आहे. झिपरी ही माझ्यासोबतची राखणीची कुत्री. यंदाही कापसाला भाव नाही, गोदाम भरून पडले आहे, त्यामुळे आम्हा दोघांना सुट्टी नाही.

२. तिच्या नव्या खाद्याची तपासणी समितीने गुरांच्या ढेपेची (पेंडेची) करतात तशी केली. मूठभर बादलीत भिजवले, ते फुगले, मग वास घेतला. सदस्य घनश्यामराव म्हणाले, "सरकीचा वास मस्त येऊन राह्यला. म्हैस खाईन तं दूध वाढीन." खाद्य मंजूर झाले. झिपरी म्हैस नाही, हे मी त्याच वेळी नम्रपणे निदर्शनास आणले होते.

३. ते खाऊन झिपरी ओकू लागली, जरा चालली की धापा टाकू लागली. गुरांच्या डॉक्टरांनी सांगितले की, यात मांस नाहीच, पीठ आणि सरकीची ढेप आहे. पोत्यावरचा प्रथिनांचा आकडा ढेपेने भरतो, पण सरकी कुत्र्याच्या हृदयाला बाधते. तेव्हापासून माझी पत्नी रुपाली तिला भाकर व अंडी देऊ लागली. झिपरी सुधारली.

४. हे मी आपणांस कळवले. उत्तर आले की, कुत्री धडधाकट आहे, सबब खाद्य सकस आहे. तेच खाद्य आता कळंब व महागावच्या गोदामांनाही गेले. आमच्या घरच्या अंड्यांचे श्रेय त्या पोत्यांना मिळाले, याचा मला संताप आहे.

५. पुन्हा तक्रार केली, तर आदेश आला की महिनाभर फक्त पोत्यातलेच द्यावे. कुत्री टिकली तर खाद्य योग्य, खंगली तर कुत्री अयोग्य ठरवून काढून टाकावी. खाद्य अयोग्य ठरण्याची सोय या आदेशात कुठेच नाही.

६. राखणीचे कुत्रे परक्या हातचे खात नाही, आम्हीच तसे शिकवतो. पोत्याचा वास येताच झिपरी मागे सरते. मग माझ्या तोंडाकडे बघते, आणि मी ठेवले आहे म्हणून खाते. मला हे बघवत नाही. तरी भाकरीची परवानगी द्यावी. ती शक्य नसेल, तर माझी तातडीने बदली करावी. दुसऱ्याच्या हातचे ती खाणार नाही, उपाशी राहील. उपाशी कुत्री निदान साखळी तोडून पळू तरी बघेल. मी समोर असताना ती तेही करत नाही.

आपला नम्र व हतबल,
अश्वजित नगराळे
राखणदार, मारेगाव
दि. १४ नोव्हेंबर २००६

सोबत : डॉक्टरांची चिठ्ठी व पुडीत खाद्याचा नमुना.